बर्फावरचं लोटांगण

पुण्या-मुंबईहून नव्याने आलेल्या पोरांना नेपरव्हिलची थंडी समजावून सांगायची, तर थोडा मीठमसाला लावावाच लागतो. नुसता आकडा सांगितला तर ही पोरं नुसत्या स्वेटरवर हिंडतात. म्हणून मी त्यांना सांगतो, की एका जानेवारीत आमच्या शेजाऱ्याचा कुत्रा ड्राइव्हवेवर जरा जास्त वेळ उभा राहिला, तर त्याची सावली काँक्रीटला चिकटून बसली. कुत्रा घरात गेला, सावली बाहेरच. शेवटी मीच फावडं घेऊन ती खरवडून काढली आणि शेजाऱ्याला नेऊन दिली. पोरं हसतात, आणि हसता हसता हातमोजे चढवतात. माझी बायको कांचन म्हणते, सत्तरी कधीच उलटली, आता तरी खरं बोलावं माणसाने. मी म्हणतो, खरं बोलून कोणी टोपी घातलीय का?

पण आता जे सांगतोय त्यात सावलीबिवली काही नाही. दोन हजार तीनच्या फेब्रुवारीतली गोष्ट आहे. त्या दिवशी मी असा भ्यालो होतो, की अजूनही फ्रिजने बर्फाचे खडे पाडले, की मी पाय जमिनीवरून उचलून घेतो.

आमच्या घरापासून दोन घरं सोडून निमिष आणि उर्वी राहतात. निमिष सकाळच्या ट्रेनने शिकागोला जातो, हिवाळ्यात अंधार पडल्यावरच घरी येतो. उर्वीला तेव्हा सातवा महिना होता. आधी दोनदा आशा लागून मोडली होती, त्यामुळे ती जिना उतरतानासुद्धा कठडा दोन्ही हातांनी धरायची. तिच्यासाठी म्हणून निमिषचे वडील, जगन्नाथराव, डिसेंबरात पेणहून आले. आले ते मांडीवर शाडूचा गणपती घेऊन. न्यूयॉर्कचे ते टॉवर पडल्यापासून विमानतळावर चिवड्याच्या पिशवीचीही झडती व्हायची. तिथल्या साहेबाने गणपती मशिनमधून पुन्हा पुन्हा फिरवला. जगन्नाथराव सांगायचे, "शेवटी त्याने हात जोडून परत दिला. काय दिसलं असेल त्याला पोटात, कोण जाणे."

जगन्नाथराव म्हणजे मिठागरावर उभी हयात काढलेला माणूस. मुकादम होते. बोलणं थोडं, ठाम. त्यांचा नवस असा, की सून सुखरूप सातव्यात पोचली तर माघी चतुर्थीला दीड दिवसाचा गणपती बसवीन आणि जित्या पाण्यात पोचवीन. बसवणं सोपं होतं. आमच्याकडून मखर गेलं, कांचनने मोदक केले, मंगळवारी आरतीला आम्ही चार-सहा घरं जमलो. अडलं ते पोचवण्यावर.

निमिष म्हणाला, "अण्णा, इथे सगळे बादलीतच करतात. गॅरेजमध्ये करू, गरम पाणी घेऊ."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "नवस बादलीत फेडला तर फळही बादलीएवढंच मिळतं."

मग निमिषने शनिवारी नदीवर नेतो म्हणून सांगितलं. त्यावर अण्णांचं म्हणणं, दीड दिवस म्हणजे बुधवार, देव काय कुरिअर आहे का उशिरा पोचला तरी चालायला? निमिष चिडून झोपायला गेला आणि बुधवारी सकाळी ऑफिसला गेला. त्याला वाटलं, आपण नेल्याशिवाय म्हातारा जातो कुठे.

पण म्हाताऱ्याने महिनाभर स्वयंपाकघराच्या खिडकीतून घरामागचं तळं पाहिलं होतं. आमच्या वस्तीत पावसाचं पाणी साठायला केलेलं ते मोठं थोरलं तळं. उन्हाळ्यात त्याच्या मधोमध कारंजं उडतं. हिवाळ्यात कारंजं बंद करतात, पण खालून हवेचे बुडबुडे सोडत राहतात, माशांसाठी. त्यामुळे सगळं तळं गोठलं तरी मध्यभागी खोलीएवढं पाणी उघडं राहतं, आणि त्याच्या कडेला कॅनडाची बदकं बसलेली असतात. जगन्नाथरावांना ते उघडं पाणी दिसलं होतं. ते पाणी उघडं आहे याचाच अर्थ भोवतालचा बर्फ पापडाएवढा आहे, हे त्यांना सांगणार कोण? पेणला कोणाला हे ठाऊक असायचं कारण नाही.

बुधवारी दुपारी कांचन उर्वीकडे डिंकाचे लाडू घेऊन गेली होती. मी घरी पेपर चाळत बसलो होतो. फोन वाजला. कांचनचा आवाज इतका खाली होता, की आधी मला ओळखूच आला नाही. म्हणाली, अण्णांनी उत्तरपूजा केली, आरती केली, आणि आम्ही प्रसादाच्या वाट्या भरतोय तोवर ते मागच्या दाराने गेले. तुम्ही खिडकीतून बघा.

मी पाहिलं. पांढऱ्या तळ्यावर एक माणूस चालला होता. अंगात निमिषचं फुगीर जॅकेट, पायात निमिषचे स्नोबूट, मध्ये पूजेचा तांबडा कद, आणि डोक्यावर पाट. पाटावर गणपती. आमच्याकडे गणपती नेतात तसाच, एका हाताने तोलत, अगदी रमतगमत.

कांचनला म्हटलं, ९११ लाव आणि उर्वीला दाराबाहेर पाऊल टाकू देऊ नकोस, दाराला पाठ लावून उभी राहा. मी गॅरेजमधली ख्रिसमसच्या दिव्यांची नारिंगी केबल उचलली, बूट घातले, आणि निघालो. टोपी विसरलो. पोरांना टोप्या घालायला लावणारा मी.

काठावर आलो तेव्हा तळ्याने आवाज केला. ज्यांनी ऐकला नाही त्यांना कसा सांगू? थंडी वाढली की बर्फ आवळतो आणि आतल्या आत तडकतो. ढोल वाजवून कोणी त्यावर मांजराचं पिल्लू फेकावं, तसा धडामधुम आवाज आणि मागून लांबत गेलेलं केकाटणं. या काठापासून त्या काठापर्यंत तो आवाज माझ्या तळपायाखालून गेला. इथल्या एका मासे धरणाऱ्या म्हाताऱ्याने मला एकदा सांगितलं होतं, की कण्हणाऱ्या बर्फाला भिऊ नये, तो जाड असतो. गप्प बर्फाला भ्यावं. आणि काळा दिसतो तो बर्फ भरवशाचा, पांढरा दिसतो तो फसवा.

जगन्नाथराव नेमके पांढऱ्यावरून चालले होते. काळा तुकडा आला की वळसा घालून पांढऱ्यावर. आधी मला कळेना हा माणूस असा साप गेल्यासारखा वाकडातिकडा का चालतोय. मग लक्षात आलं. मिठागरात पांढरं ते वाळून कडक झालेलं मीठ, काळं तो चिखल. उभ्या हयातीत पायांनी शिकलेलं शहाणपण ते. इथे तेच त्यांना एकेका पावलाने पाण्याकडे नेत होतं.

मी हाका मारल्या. वारा समोरून होता, हाका माझ्याच तोंडात परत आल्या. मी काळ्या पट्ट्यांवरून जमेल तेवढा पळालो, घसरलो, उठलो. पुढे पुढे तळ्याचं कण्हणं थांबलं. बर्फ गप्प झाला. आता फक्त बुडबुड्यांचा आवाज येत होता, चुलीवर वरण शिजावं तसा. मी पोटावर आडवा झालो आणि कोपरांनी सरपटायला लागलो. खरं सांगायचं तर मला पुढे जायचं नव्हतं. अंगातला कणन् कण मागे जा म्हणत होता. माझ्या तोंडाखाली बर्फाच्या आत एक पिवळं पान अडकलं होतं. त्याच्याकडे बघत मी एक हात पुढे टाकायचो, मग दुसरा.

बदकं एकदम उडाली. मी वर पाहिलं, तर जगन्नाथरावांचा एक पाय गुडघ्यापर्यंत आत गेला होता.

माणूस ओरडला नाही. डोक्यावरचा पाट हललासुद्धा नाही. त्यांच्याभोवती बर्फावर पाणी चढत होतं, करड्या रंगाचं, हळूहळू.

"जगन्नाथराव, हलू नका."

त्यांनी मान न वळवता विचारलं, "केतकर का? बरं झालं आलात. पाणी आलं बघा. अजून थोडं पुढे गेलो की झालं."

"पुढे नाही जायचं. मूर्ती तिथेच ठेवा आणि मागे या. बर्फ मोडतोय."

"मोडू दे. पाण्यातच तर जायचंय."

"तुम्ही जाल."

"नातवंडाचा नवस आहे," ते म्हणाले. "देव वाटेत टाकून मी मागे फिरलो आणि पोरीला काही झालं, तर? मी पोहणारा आहे."

पोहणारा. त्या पाण्यात माणूस पोहत नाही. माणूस एक मोठा श्वास घेतो आणि तो श्वास पाण्याचाच असतो. पण हे मी त्यांना कसं पटवणार? हा माणूस मरणाला भीतच नव्हता. तो एकाच गोष्टीला भीत होता, आणि ती त्याच्या डोक्यावर बसली होती. मागे पाहिलं. निमिषच्या मागच्या दाराच्या काचेत उर्वी दिसत होती, दोन्ही तळवे काचेला लावलेले. तिच्या खांद्यांना कांचनची मिठी. जगन्नाथरावांनी बुडलेला पाय मोकळा केला आणि पुढे टाकायला उचलला.

"निमिषने तुम्हाला इथली रीत सांगितली नाही?" मी विचारलं.

पाय हवेत थांबला. "कसली रीत?"

काय बोलणार होतो, देवाशप्पथ मला माहीत नव्हतं. तोंड उघडलं आणि ते येत गेलं. म्हटलं, "माघातला गणपती इथे आपण बुडवत नाही. बर्फावर बसवतो. बर्फ म्हणजे त्याच्या बापाचं घर. कैलासावर कोणी देवाला बुडवतं का? त्याला बसवायचं आणि तो आपल्या वेळेने पाण्यात जातो. पस्तीस वर्षं आम्ही असंच करतोय."

"मग बादली?"

"ती भाद्रपदात. आणि आजकालच्या पोरांची."

त्यांनी विचार केला. त्यांच्या विचार करण्याचा आवाज येत नव्हता, बर्फाचा येत होता. बारीक बारीक, टाचणीने काच ओरखडावी तसा.

"बसवलं, मग?"

"मग खरी गोष्ट पुढे आहे. माणसाने परत चालत यायचं नाही. लोटांगण घालत काठाला यायचं. वाटेत पाय टेकला तर नवस मोडला."

"एकदाही टेकायचा नाही?"

"एकदाही नाही. मी उगाच आडवा पडलोय का इथे?"

हे त्यांना पटलं. थापेत तेवढंच एक खरं दिसणारं होतं, बर्फावर पोटावर पडलेला सत्तरीचा केतकर. जगन्नाथराव खाली वाकले. पाट पुढ्यात ठेवला, मूर्ती नीट मधोमध सरकवली, जणू देव्हारा आहे. मोरया म्हटलं, पुढच्या वर्षी लवकर या म्हटलं, हळू आवाजात, घरात कोणी झोपलं असताना म्हणावं तसं. मला वाटत होतं, अहो आटपा. मग ते आडवे झाले, हात डोक्यावर जोडले, आणि लोळायला लागले.

तळ्यात सापडलेल्या माणसाने असंच करायचं असतं. वजन एका जागी ठेवायचं नाही, लोळत निघायचं. अग्निशमनवाले शाळेत पोरांना शिकवतात. पण जगन्नाथराव माझ्या सांगण्यावरून लोळत नव्हते, नवसासाठी लोळत होते, त्यामुळे ते थांबले नाहीत, उठून बसायला बघितलं नाही, कुठे दुखतंय म्हणाले नाहीत. भिजलेला पाय लाकडासारखा ताठ झाला होता, तो दर वळणाला बर्फावर ठक्क करून आपटायचा. मी केबल फेकली. पहिल्यांदा कमी पडली, दुसऱ्यांदा त्यांच्या अंगावर पडली. ती धरायची की नाही याचीही त्यांनी चौकशी केली. म्हटलं, धरायची, तीही रीतच आहे.

मी पोटावर मागे सरकत होतो आणि ते साखरेत घोळलेल्या करंजीसारखे माझ्या मागे येत होते. त्यांच्या पलीकडे, ते मघाशी जिथे उभे होते, तिथला बर्फ आवाज न करता खाली बसला. काळं पाणी वर आलं. गणपतीचा पाट बरोबर त्याच्या काठावर राहिला.

काठाला लागलो तेव्हा अग्निशमनवाल्यांची लाल गाडी नुकतीच येऊन थांबली होती. त्यातल्या मिशीवाल्याने आमच्या अंगावर चांदीसारखी ब्लँकेटं टाकली आणि विचारलं, तुम्ही दोघं तिथे काय करत होता? मी म्हटलं, प्रार्थना. तो म्हणाला, पुढच्या वेळी एखादं चर्च बघा.

जगन्नाथरावांची बोटं वाचली. एका अंगठ्याला त्यानंतर कधी गरम-गार कळलं नाही, एवढंच. निमिष आला आणि बापाचा पाय मांडीवर घेऊन बसला.

तुम्हाला वाटेल संपलं. मलाही त्या दिवशी तसंच वाटलं होतं. पण गणपती तळ्यात बसून होता ना! खिडकीतून दिसायचा. बर्फ पडला की नुसता मुकुट, वारा आला की सोंड. जगन्नाथराव सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभे राहायचे आणि त्यांची नजर बघून उर्वी मला फोन करायची. मी जायचो. ते विचारायचे, अजून गेला नाही, एकदा जवळ जाऊन बघू का? मी सांगायचो, बसवल्यावर पुन्हा जाणं म्हणजे पाहुण्याला दार दाखवणं. निमिषने त्यांचे बूट गाडीच्या डिकीत कुलूप लावून ठेवले. मार्चमध्ये ऊन तापायला लागलं, बर्फ करडा आणि भोकाभोकाचा झाला, तसं आनंद व्हायच्या ऐवजी आमचं धाबं दणाणलं. आता कुत्राही त्याच्यावर टिकला नसता आणि म्हातारा मात्र रोज म्हणत होता, नेसत्या वस्त्रानिशी लोळतच जातो, पाय टेकत नाही.

मग एका पहाटे पाऊस झाला. सकाळी म्हातारा खिडकीशी गेला तर तळ्याच्या मध्यावर नुसतं पाणी, आणि त्यावर बदकं. जगन्नाथरावांनी हात जोडले आणि कप धुऊन ठेवला. एप्रिलअखेर नात झाली. जूनमध्ये ते पेणला परतले. मी विमानतळावर सोडायला गेलो होतो, त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि मला कुठे बघावं कळेना.

आणि मग पुढचा जानेवारी आला. माघी चतुर्थीचा दुसरा दिवस, पुन्हा दुपार. फोनवर कोणी सुमंत म्हणून, ओहायोतल्या डब्लिनहून. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. म्हणाला, "काका, सॉरी हं, डिस्टर्ब करतोय. आई आलीय पेणहून. आमच्याही सबडिव्हिजनला तळं आहे. आम्ही आता निघतोच आहोत, फक्त एक कन्फर्म करायचं होतं. लोटांगण उजवीकडून की डावीकडून?"

मी चहाचा कप बाजूला सारला. ओहायोत गेला आठवडाभर ऊन पडलं होतं, बातम्यांत मीच पाहिलं होतं.

"सुमंत, कुठेही जाऊ नकोस. तसली काही रीत नाही. मी बनवलेली थाप आहे ती."

तो हसला. "जगन्नाथकाकांनी नंबर देताना सांगितलंच होतं, काका आधी मस्करी करतील. अहो, पण पेणला सगळ्यांना माहितीय. जगन्नाथकाकांना नात झाली ना?"

"अरे, खरंच सांगतोय. बर्फ मोडतो. माणूस मरतो."

"हो हो. म्हणून तर पाय टेकायचा नाही." मागून बाईंचा आवाज आला, विचार रे, पाट कुठल्या दिशेला ठेवायचा. एक मूलही रडत होतं. त्यालाही नेणार होते, बहुतेक.

खरं बोलून झालं होतं. खऱ्याचा काय उपयोग होतो ते तुम्ही पाहिलंत. मी घसा साफ केला आणि आवाजात जरा राग आणला.

"सुमंत, यंदा श्रावण अधिक आहे. पंचांग बघितलंस का?"

"नाही. म्हणजे?"

"अधिक मास लागायच्या आधीच्या माघात बर्फ वर्ज्य. साधी गोष्ट आहे. आईंना विचार."

त्याने विचारलं. मग आईंनीच फोन घेतला. शरयूताई त्यांचं नाव. म्हणाल्या, "अहो, मग हे आधी सांगायचं नाही का? आम्ही कोटबिट घालून उभे आहोत. आता यंदा कशात पोचवायचा?"

"बादलीत," मी म्हटलं. "शास्त्रच आहे तसं."

"बादलीएवढंच फळ मिळतं म्हणतात हो."

"अधिकात दुप्पट मिळतं."

शेवटी त्या "बरं" म्हणाल्या. मी फोन कानाला धरून बसून राहिलो, पलीकडे कोट काढल्याचा, बूट काढल्याचा आवाज येतोय का ते ऐकत. नळ सोडल्याचा आवाज आला तेव्हा फोन ठेवला.

कांचनने विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, राँग नंबर. अधिक मास तीन वर्षांतून एकदा येतो. मधल्या वर्षांना काय सांगायचं? अल्फारेटाला चिंता नाही, जॉर्जियात तळी गोठत नाहीत. पण डिट्रॉइट आहे, मिलवॉकी आहे, आणि पेणची माणसं कुठे नाहीत?

फोन पुन्हा वाजला. छोट्या पडद्यावर नंबर आला, तो मिनेसोटाचा होता.